आत्यानं न दिलेली शिवी

एखादं कार्टून पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणून बायकापोरांची मोठी माणसं एकमेकांचा उद्धार करतात, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. गेल्या पावसाळ्यात मात्र त्या कार्टूनच्या चाहत्यांच्या आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर दुसरं काही चाललंच नव्हतं. सांगलीजवळ कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये मी मशीनवरून उतरलेले पार्ट गेज लावून तपासते. दुपारी डबा उघडला की शेजारी मोबाईलही उघडायचा, आणि भाकरी मोडता मोडता मी ते वाचायचे. 'पहिले दोन सीझन सोनं होते, आता माती केली.' 'म्हातारी नुसत्या पाट्या टाकती.' 'म्हातारीत राम राहिला नाही, काढून टाका तिला.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. कारण ज्या म्हातारीला ही माणसं नावं ठेवत होती, तिला आवाज दिला होता माझ्या सख्ख्या आत्यानं.

ग्रुपवर हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. आत्यानंच बजावलं होतं, 'उगं बोभाटा करू नगंस, सुनंच्या माहेरची माणसं हायत त्यात.'

कार्टून पोरांचं नव्हतं. सुरुवातीलाच पाटी यायची, लहान मुलांनी बघू नये म्हणून, आणि त्या पाटीमुळंच तालुक्यातल्या एकूण एक पोरानं ते बघितलं होतं. एका गावात पिठाची गिरणी. ती चालवणारी एक म्हातारी. दळण घेऊन जो येईल त्याची ती बिनपाण्यानं करायची. सरपंच आला तर सरपंचाची, पेन्शनर फौजी आला तर फौजीची, दोन घरं सांभाळणारा किराणा दुकानदार आला तर त्याची तर दोनदा. आणि सगळं आमच्या बोलीत. हाय, न्हाई, व्हय, कवा, तवा. तोवर आमच्यासारखं बोलणारं माणूस पडद्यावर आलं की समजायचं, हा एक तर गडी असणार नाही तर येडा. लोकांनी त्याच्या बोलण्याला हसायचं. इथं म्हातारी आमच्यासारखी बोलायची आणि हसं व्हायचं ते समोरच्याचं. वर्कशॉपातली पोरं दुपारी तिचे डायलॉग मारायची. मी ऐकायचे आणि मनातल्या मनात फुगायचे.

आत्याला हे काम मिळालं ते तिच्या तोंडामुळं. तिचं सासर साताऱ्याच्या उत्तरेला, ओढ्याच्या काठावर. ओढ्याच्या अल्याड एक गाव, पल्याड एक गाव. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि हलगी वाजायला लागली की एकमेकींना शिव्या देतात. कुणी भांडण झालं म्हणून नव्हे. रीतच आहे तशी, सासूच्या सासूच्या काळापासूनची. त्या दिवशी शिव्या दिल्या नाहीत तर पाऊस रुसतो म्हणतात. आत्या लग्न होऊन आली त्या वर्षापासून पहिल्या रांगेत उभी राहते. तिच्या समोर पल्याडच्या काठावर तिच्याच वयाची एक बाई उभी राहते. तीही तिकडं नवी नवरी म्हणूनच आली होती. दोघींची जोडी ठरून गेली होती. एकीनं दुसरीची भाकरी काढायची, दुसरीनं पहिलीचं लुगडं. 'अगं ए टवळे, तुझी भाकरी कुत्रं हुंगून सोडून जातंय!' 'आन् तुझं तोंड बघून म्हशीनं पान्हा चोरलाय, भवाने!' आणि दुसऱ्या आठवडी बाजारी ह्याच दोघी एका बाकड्यावर बसून एका कपातला चहा बशीत ओतून प्यायच्या.

एका वर्षी सांगलीचे दोघं तिथं आले होते. एक लिहिणारा, एक चित्रं काढणारा. त्यांनी आत्याला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात येऊन बसले. साताऱ्यात एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या, तिथं बसून आत्या बोलायची. लिहिणारा कागदावरचं वाचून दाखवायचा आणि आत्या म्हणायची, 'असं कुणी बोलतं व्हय? सर बाजूला.' मग ती तिच्या पद्धतीनं सांगायची आणि तेच ठेवलं जायचं. एकदा मी सोबत गेले होते. तो लिहिणारा हसून हसून गादीवर आडवा झाला होता. भला माणूस होता. तो होता तोवर काही बिघडलं नाही.

आता त्या शिव्यांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं, शिव्याच द्यायच्या तर तोंडाला येईल ते बोलायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तसं नसतं. पंचमीच्या आधी चार दिवस ह्या गावातून त्या गावात निरोप जातात. ह्या वर्षी कुणाच्या घरी काय झालं, कुणाचं माणूस गेलं, कुणाच्या लेकीचं पोट पडलं, कुणाला नवऱ्यानं टाकलं. तेवढं सोडून बोलायचं. निरोप म्हाताऱ्या बायका नेतात, तोंडी, आणि कुणी मोडला तर तिला पुन्हा काठावर उभं करत नाहीत. आत्या म्हणायची, 'शिवी अंगाला लागावी, काळजाला लागू नये.' ती माझी शाळा होती. वर्कशॉपमध्ये सुपरवायझरला मी जे काही बोलते ते ह्याच हिशेबात बोलते.

पल्याडच्या त्या बाईचा धाकटा मुलगा गेला. लग्न ठरलं होतं त्याचं. पत्रिका वाटायला म्हणून मोटरसायकलवर गेला आणि अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, कुणाच्याच नसतो. आत्या तिच्या घरी जाऊन आली आणि दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर साताऱ्यात रेकॉर्डिंग होतं, तेव्हा तिनं लिहिणाऱ्याला आधीच सांगून टाकलं. असं असं झालंय, ट्रॉलीचं नाव घ्यायचं नाही, पत्रिकेचं नाव घ्यायचं नाही, पोराचं मरण कशातच आणायचं नाही. निरोप दिला म्हणा ना. त्यानं मान हलवली आणि पाळलंही.

मग कार्टून मोठं झालं आणि पुण्यातल्या एका कंपनीनं घेतलं. लिहिणाऱ्याचं आणि त्यांचं पटलं नाही, तो सोडून गेला. चित्रं काढणारा राहिला. तिसऱ्या सीझनला आत्याला कुणी बोलावलंच नाही. गिरणीवर म्हातारीऐवजी तिची नात आली. पुण्याची कॉलेजातली पोरगी कशी बोलेल तशी ती बोलायची आणि मधूनच एखादा 'लय भारी' टाकायची. ग्रुपवर बोंबाबोंब झाली. म्हातारी परत आणा, म्हातारी परत आणा. आमच्या ग्रुपचा प्रमुख म्हणजे साताऱ्यातले एक रिटायर हवालदार. त्यांना प्रत्येक एपिसोड तोंडपाठ. त्यांनी तर कंपनीला रोज एक मेसेज टाकायची मोहीमच उघडली, आणि माणसं पलटणीसारखी कामाला लागली.

आणि म्हातारी परत आली. चौथ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडला आवाज आला, 'कोण हाय रं तिकडं मुडद्या?' आत्याचाच आवाज. मला वाटलं आत्या मला न सांगता जाऊन आली. जरा रागच आला मला, पण म्हटलं, असेल. आठवडाभर ग्रुपवर दिवाळी होती. मग हळूहळू एकेकाचं तोंड वाकडं व्हायला लागलं. मजा येईना. म्हातारी बोलायची तेच, शिव्याही त्याच, पण कुठंही, कुणालाही. शाळेच्या शिपायाला तीच आणि आमदारालाही तीच. मग सुरू झालं ते मी वर सांगितलं. म्हातारी थकली, म्हातारीला डोक्यात हवा गेली, म्हातारी आता फक्त पैशासाठी बोलते. आधी परत आणा म्हणून हेच छाती पिटत होते. गाढवाला गुळाची चव काय.

पंचमी जवळ आली होती तेव्हा आत्याचा फोन आला. ती फोनवर कधी रडत नाही. त्या दिवशीही रडत नव्हती, पण आवाज बसला होता.

'पोरी, मी हे कवा बोलले गं?'

'काय कवा बोललीस?'

'ती म्हातारी बोलतीया मोबाईलात. माझ्या आवाजात बोलतीया. मी तिकडं गेलीच न्हाई गं. दोन वरसं झाली, मी साताऱ्याला गेली न्हाई.'

मी तिला थांब म्हटलं, वर्कशॉपच्या मागं जाऊन तो नवा एपिसोड लावला. गिरणीवर दोन बायका नंबरावरून भांडत होत्या. म्हातारी त्यातल्या एकीला म्हणते, 'पत्रिका वाटाय गेलेलं पोरगं ट्रॉलीखाली गेलं, बरं झालं, जेवणावळीचा खर्च वाचला की तुझा!' आणि मागं हसण्याचा आवाज टाकलेला.

मी तो तुकडा पुन्हा लावला. तो आवाज आत्याचा. तो 'की' आत्याचा. मी तिला लहानपणापासून ऐकते, मलासुद्धा क्षणभर वाटलं की हिनंच म्हटलं असेल. मग पल्याडच्या त्या बाईला काय वाटलं असेल?

तिच्या नातवानं तिला मोबाईलवर दाखवलं होतं. तिनं एकदा बघितलं, म्हणे, आणि मोबाईल परत दिला. दोन्ही गावांत सगळ्यांना कळलं. आत्या दारोदार सांगत सुटली, मी बोलले नाही, मी गेलेच नाही. बायका म्हणायच्या, 'आवाज तर तुमचाच हाय की आक्का.' मी तिला म्हटलं, हे मशीनचं काम असणार, पण मशीन माणसाच्या आवाजात बोलतं हे तिनं त्यांना कसं समजावायचं? तिला स्वतःलाच ते पटत नव्हतं. आणि पत्रिकेचं, ट्रॉलीचं इतकं बारकाव्यानं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? पंचमीच्या आधीचा निरोप घेऊन अल्याडची एक वयस्कर बाई पल्याड गेली, तर तिकडं चहासुद्धा विचारला नाही तिला.

'तिला माझ्याशी बोलायचं नसंल तर नगं बोलू,' आत्या म्हणाली. 'फकस्त त्या दिवशी काठावर येऊन मला शिव्या दे म्हणावं. तेवढ्यानं भागंल माझं.'

आमच्याकडं ज्याला माणसात धरायचं त्यालाच शिवी देतात. शिवी बंद झाली की संपलं. आत्याला बाकी काही नको होतं.

मी रजा टाकली आणि सांगलीत त्या चित्रं काढणाऱ्याला गाठलं. विश्रामबागेत आता त्याचं एसीचं ऑफिस आहे. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं, 'ताई बसा' म्हणाला. मी उभीच राहिले. म्हटलं, आत्याला न विचारता तिचा आवाज आलाच कसा?

तो म्हणाला, जुनी सगळी रेकॉर्डिंगं होतीच आमच्याकडं. ती मशीनला ऐकवली. आता आम्ही लिहू ते मशीन त्यांच्या आवाजात बोलतं. 'लोकांनीच मागणी केली हो ताई. म्हातारी पाहिजे, म्हातारी पाहिजे. तुमच्या आत्यांना एवढ्या लांब दगदग नको म्हणून...'

'दगदग,' मी म्हटलं. 'आणि ते ट्रॉलीचं कुणी लिहिलं?'

इथं तो जरा चाचरला. पुण्याची नवी लिहिणारी पोरं आहेत, म्हणाला. आत्याबाईंच्या बोलण्याचा बाज कळावा म्हणून त्यांना जुनी रेकॉर्डिंगं ऐकायला दिली होती. डायलॉगच्या मधल्या गप्पांसकट. त्यात आत्या ट्रॉलीबद्दल काहीतरी सांगत होत्या. पोरांना ते ऐकून वाटलं, हे अस्सल आहे, गावाकडचं आहे, वापरू या.

म्हणजे आत्यानं जे बोलू नका म्हणून जीव तोडून सांगितलं, तेच ह्यांनी उचलून तिच्या तोंडात घातलं. तिचा निरोप त्यांना कच्चा माल वाटला. चार दिवस आधी निरोप द्यायची रीत पुण्याच्या त्या पोरांना माहीत नसेल, मान्य. पण हा तर सांगलीचा ना? हा त्या गादीच्या खोलीत बसला होता. त्यानं ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. आणि एपिसोड बाहेर पडायच्या आधी बघितलाही होता. मी विचारलं तर म्हणाला, लक्षातच आलं नाही, खूप काम असतं.

मी म्हटलं, तो एपिसोड काढा आणि जाहीर सांगा की आत्या हे बोलली नाही. म्हणाला, एपिसोड काढायचं कंपनीला विचारावं लागेल, आणि आवाज मशीनचा आहे हे सांगितलं तर लोक आणखी बिथरतील, आधीच ते क्वालिटी पडली म्हणून ओरडतायत. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. चेहरा उजळला त्याचा.

'ताई, आपण असं करू. आत्यांच्याच आवाजात एक माफी बनवू. आत्ता देतो करून. तुम्ही नेऊन ऐकवा त्या बाईंना.'

आणि मी काही बोलायच्या आत त्यानं कॉम्प्युटरवर टकटक केलं, एक बटण दाबलं, आणि त्या एसीच्या खोलीत माझी आत्या म्हणाली, 'मी चुकले गं बाई. मला माफ कर.'

आत्या असं कधी म्हणालीच नव्हती. कुणालाच नाही. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. मी त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि त्या कीबोर्डवर ओतला. ओतताना मला अगदी शांत वाटत होतं. 'अहो अहो ताई' करत तो उठला. मी त्याला अंगाला लागेल असं पुष्कळ बोलले. काळजाला लागेल असं बोलायची फार इच्छा होती, पण त्याला काळीज कुठं आहे ते मला सापडलं नाही.

तिथून मी थेट एसटीनं सातारा गाठलं. म्हटलं, निदान ग्रुपवर तरी खरं जाऊ दे. त्या बाईचा नातू ग्रुपमध्ये होता हे मला माहीत होतं. शंभर माणसं एका तोंडानं म्हणाली की म्हातारीचा आवाज मशीनचा आहे, तर ते पल्याड पोचेल. हवालदारांना स्टँडजवळच्या हॉटेलात बोलावलं. माणूस ताठ, इस्त्रीचा शर्ट, मिशा टोकदार. मी त्यांना सगळं सांगितलं, आत्या कोण, ट्रॉली काय, पल्याडची बाई कोण. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि मिशीवरून हात फिरवला.

'म्हणजे ताई, मी म्हणत होतो तेच,' ते म्हणाले. 'तिसऱ्यापासनंच पडायला लागलं. लिहिणारा सोडून गेला तिथंच खेळ संपला.'

'आवं, मी आत्याचं सांगतीया.'

'व्हय व्हय. पण आवाज खरा असू दे न्हाई तर खोटा, एपिसोड पडलाय ह्ये तर खरं हाय का न्हाई?'

वाईट माणूस नव्हता हो तो. त्यानं वचन दिलं की ग्रुपवर विषय घेतो. आणि घेतला. कसा घेतला? मतदान लावलं. 'म्हातारीचा आवाज खरा की मशीनचा? आपलं मत नोंदवा.' खाली हसरं तोंड. माझ्या आत्याच्या इभ्रतीवर माणसं दुपारच्या सुट्टीत बोट दाबत होती. कुणी म्हणे, दुसऱ्या सीझनपासूनच मशीन आहे, मला तेव्हाच शंका आली होती. कुणी म्हणे, मशीन असेल तर मानलं पाहिजे, बेमालूम जमलंय. कुणी पहिला सीझन श्रेष्ठ की दुसरा हे जुनंच मढं उकरून काढलं. मी लिहिलं की मी तिची भाची आहे, ती तिथं गेलेलीच नाही. त्यावर एकानं लिहिलं, 'जी ती भाचीच असते.' त्याला चाळीस जणांनी हसून दाद दिली. मतदानाचा निकाल लागला. आवाज खरा ठरला.

मला त्या कंपनीपेक्षा ह्या माणसांचा जास्त राग आला, आणि अजून आहे. कंपनीला धंदा करायचा होता. ह्यांचं तर प्रेम होतं ना म्हातारीवर? रोज तिचे डायलॉग मारायचे, स्टेटसला ठेवायचे. चव गेली म्हणून गळे काढत होते. पण ज्या बाईच्या जिभेची ती चव होती, ती मरते का जगते ह्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याकडं होते. ती लवकर उठून न्हाली, हिरवं लुगडं नेसली, केसांत फूल घातलं. अल्याडच्या बायकांनी तिला पहिल्या रांगेत उभं राहू दिलं, पण दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून. ओढ्याला पाणी होतं. हलगी सुरू झाली आणि दोन्ही काठांवरून एकदमच कालवा उठला. हात उडायला लागले, लुगडी खोचली गेली, कुणी कुणाची नक्कल करतंय, कुणी हसून खाली बसलंय. दोन्हीकडं बघ्यांचे मोबाईल वर झालेले. फक्त आत्याच्या समोरची जागा रिकामी होती.

आत्या वाट बघत राहिली. पदराशी चाळा करत नुसती उभी. मग पल्याडच्या बायका बाजूला झाल्या आणि ती बाई पुढं आली. पाण्याच्या कडेपर्यंत आली. मी आत्याचा चेहरा बघितला, तो असा फुलला की मला माझ्याच डोळ्यांतलं पाणी आवरेना. आत्यानं कंबरेवर हात ठेवले आणि आवाज लावला.

'आलीस व्हय गं टवळे! कुठं उलथली हुतीस? तुझ्या भाकरीचा धूर हितवर येतुया, सगळं गाव खोकतंय!'

ती बाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात जोडले.

'ऱ्हाऊ द्या,' ती म्हणाली. 'दमला असाल. घरी जावा तुमी.'

हळू म्हणाली, पण आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या होत्या, त्यामुळं अल्याड ऐकू आलं. आणि ती वळली. बाजरीच्या बांधानं गावाकडं चालायला लागली.

मग आत्यानं जे सुरू केलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या भाकरीवर बोलली, तिच्या चालीवर बोलली, तिच्या म्हशीवर, तिच्या माहेरावर, नवी नवरी असताना ती ह्याच ओढ्यात घसरून पडली होती त्याच्यावर बोलली. अंगाला लागेल असं जेवढं तिच्यापाशी होतं ते सगळं तिनं त्या पाठीवर फेकलं. एक शब्द वावगा नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड थांबत नव्हतं. माणसं शिट्ट्या मारत होती. मी तिचा दंड धरला तर तिनं मला झटकलं. ती बाई बांधावरून दिसेनाशी झाली तरी आत्या बोलत होती. शेवटी आवाजच फुटला तिचा, तेव्हा थांबली.

आम्ही घरी पोचायच्या आत ते ग्रुपवर आलं होतं. कुणीतरी सगळं शूट केलं होतं. हवालदारांनी वर लिहिलं होतं, 'ही बघा आपली जुनी म्हातारी! ह्याला म्हणतात क्वालिटी. कंपनीनं शिकावं.' खाली टाळ्या, हृदयं, हसून लोळणारी तोंडं. एकानं लिहिलं होतं, पहिल्या सीझनची आठवण झाली राव. एकानं म्हटलं होतं, रडायचं नाटक पण किती भारी करते. मी तिथं एक शिवी लिहिली. रीत सोडून लिहिली, सरळ काळजाला लागेल अशी, आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी हळद घालून दूध आणून दिलं, घसा बसला होता म्हणून. तिनं पेला हातात धरला, प्यायली नाही.

'पुढच्या वर्षी देईल गं ती शिवी,' मी म्हटलं. 'जाईल राग.'

'तिला राग कुठं आलाय?' आत्या म्हणाली. 'राग आला असता तर माझ्या झिंज्या धरल्या असत्या तिनं. ती मला आवं-जावं करून गेली.'

तिनं पेला खाली ठेवला आणि डोक्यातलं फूल काढलं.